गाडीतली प्रयोगशाळा आणि शेवटचे वीस टक्के

बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या पटांगणात आमची गाडी उभी होती. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. दीडएकशे मुले आणि त्यांच्या मागे गावकरी पडद्यासमोर बसले होते. चंद्राच्या कला संपवून आम्ही ग्रहणाकडे वळणार, तेवढ्यात गाडीतून इन्व्हर्टरची ‘पिप पिप’ ऐकू आली आणि प्रोजेक्टर विझला. “सर, लाइट गेली का?” पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले. गावची वीज सहा वाजल्यापासूनच नव्हती. गेली होती ती आमची. जनरेटर सुरू केला. परंतु त्याच्या आवाजात आमचे बोलणे मुलांना ऐकू येईना आणि त्यांचे प्रश्न आम्हांला कळेनात. अर्ध्या तासात गावकरी उठले, मग मुलेही पांगली.

त्याच दिवशी दुपारी त्या जनरेटरवर दोन तास बॅटऱ्या चार्ज केल्या होत्या. बॅटऱ्या जेमतेम चौदा महिन्यांच्या होत्या. आमच्या हिशेबाने त्या रात्रभर पुरायला हव्या होत्या. पुरल्या दीड तास. पुण्यास परतल्यावर दुकानदाराने त्या तपासून ‘संपल्या’ असा निकाल दिला. माल वाईट निघाला असेच आम्ही धरून चाललो होतो. गाडीतली नोंदवही पहिल्या पानापासून वाचली तेव्हा लक्षात आले की बॅटऱ्या आम्हीच मारल्या होत्या. त्याही रोज, नियमाने, चार्ज करून!

विज्ञानाची साधने गाडीत घालून गावोगाव नेण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाने १९६५ साली असे फिरते प्रदर्शन सुरू केले. गाडीतच वीज साठवायची आणि गाडीतच तयार करायची, ही व्यवस्था मात्र आम्ही अमेरिकेतील घरगाड्यांवरून घेतली. तेथे आर.व्ही. नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांत स्वयंपाकघर, झोपण्याची जागा आणि बऱ्याच वेळा एक बसवलेला जनरेटरही असतो. राष्ट्रीय उद्यानांच्या तळांवर जनरेटर ठरावीक तासांतच चालवू देतात, म्हणून त्या लोकांनाही आमचाच प्रश्न पडतो: जनरेटर थोडा वेळ चालणार आणि वीज मात्र रात्रभर हवी.

ज्या शाळेत इन्व्हर्टर आहे तिलाही पुढचा बराचसा भाग लागू पडेल.

दोन बॅटऱ्या, दोन कामे

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी करावी ती चूक केली. दिवे आणि पंखे गाडीच्याच बॅटरीवर लावले. सकाळी सेल्फ फिरेना आणि शाळेतल्या मुलांनी ‘जोर लगा के’ म्हणत गाडी ढकलली. मुलांना मजा आली. आम्हांला आली नाही.

गाडी सुरू करताना सेल्फला समजा २०० अँपिअर धारा ३ सेकंद लागते. म्हणजे ६०० कुलोम प्रभार. एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कुलोम, तेव्हा हा खर्च झाला अँपिअर-तासाचा सहावा भाग. गाडीच्या बॅटरीला एकदम प्रचंड धारा द्यायची असते, पण ती क्षणभरच. त्यासाठी तिच्यात पातळ पत्र्यांसारख्या पुष्कळ पट्ट्या असतात, कारण धारा पट्ट्यांच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. दिवे आणि पंखे यांना याच्या उलट हवे असते: थोडी धारा, तासन् तास. त्यासाठी जाड पट्ट्यांची किंवा नळ्यांमध्ये लेप भरलेली, म्हणजे ट्यूब्युलर, बॅटरी लागते. पातळ पट्ट्यांची बॅटरी रोज निम्मी रिकामी केली तर पट्ट्यांवरचा लेप सैल होऊन गळतो आणि ती काही महिन्यांतच निकामी होते.

म्हणून गाडीची बॅटरी वेगळी आणि ‘घरची’ बॅटरी वेगळी. दोहोंमध्ये असा रिले असावा की इंजिन चालू असतानाच त्या एकमेकींना जोडल्या जातील. इंजिन बंद झाले की घरची बॅटरी गाडीच्या बॅटरीतले काही घेऊ शकत नाही.

एका संध्याकाळचा हिशेब

बॅटरी केवढी घ्यावी हे दुकानात ठरवू नये, घरी कागदावर ठरवावे. आमचा पूर्ण कार्यक्रम आणि गाडीतला मुक्काम असा धरला होता: दिवे ४० वॉट, ४ तास, प्रोजेक्टर १६० वॉट, दीड तास, लॅपटॉप ५० वॉट, ३ तास, ध्वनिवर्धक ४० वॉट, २ तास, आणि रात्री दोन पंखे मिळून ५० वॉट, ८ तास. बेरीज १०३० वॉट-तास. यात सर्वांत मोठा वाटा प्रोजेक्टरचा असेल असे आम्हांला वाटले होते. निघाला पंख्यांचा! प्रत्येक वर्गात हा हिशेब मुलांकडून करून घेतला, आणि प्रत्येक वर्गाचा अंदाज आमच्यासारखाच चुकला. वॉट मोठे दिसतात, तास दिसत नाहीत.

इन्व्हर्टरमध्ये काही ऊर्जा उष्णतेत जाते. ती धरून ११५० वॉट-तास. बारा व्होल्टने भागले की सुमारे ९६ अँपिअर-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये असा संकेत आहे, कारण जितकी खोलवर रिकामी करावी तितक्या तिच्या आयुष्यातल्या फेऱ्या घटतात. म्हणून आम्ही १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडून २०० अँपिअर-तास घेतले.

बॅटरीवर छापलेल्या आकड्यामागे एक अट दडलेली असते. २०० अँपिअर-तास म्हणजे बहुधा १० अँपिअरने २० तास. तीच बॅटरी १०० अँपिअरने वापरली तर २ तास चालेल असे त्रैराशिकाने वाटते. प्रत्यक्षात सव्वा तासाच्या आसपासच चालते. पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली हा संबंध गणिती सूत्रात मांडला. घाईने वापर केला तर आम्ल पट्ट्यांच्या आतल्या छिद्रांपर्यंत पोचत नाही आणि आतला माल वापराविना राहतो. आमची धारा ३० अँपिअरच्या आत होती, त्यामुळे हा तोटा फार नव्हता. पण गाडीत पाणी तापवण्याची किटली लावू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

हिशेब बरोबर होता. मग बिघडले कुठे?

शेवटचे वीस टक्के

आमच्या नोंदवहीप्रमाणे बहुतेक दिवशी मुक्काम नसे, आणि खर्च ५५ ते ६० अँपिअर-तास होई. चार्जर ३० अँपिअरचा. दोन तास जनरेटर चालवला की ६० अँपिअर-तास परत. जमाखर्च जुळत होता. वाण्याच्या वहीत एवढे पुरते, बॅटरीच्या वहीत पुरत नाही.

गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे-आम्ल घट तयार केला. त्याची रासायनिक क्रिया आजही तीच आहे. ऋण पट्टीवर शुद्ध शिसे, धन पट्टीवर तपकिरी लेड डायऑक्साइड आणि मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. वीज घेताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक तयार होतात आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना हे स्फटिक पुन्हा विरघळून एका पट्टीवर शिसे आणि दुसरीवर लेड डायऑक्साइड होते, आणि आम्ल पुन्हा दाट होते. म्हणूनच आम्लाची सापेक्ष घनता हायड्रोमीटरने मोजून बॅटरी किती भरली ते सांगता येते.

आता एस.टी.चा प्रवास आठवा. गाडी फलाटाला लागली की पहिले तीस प्रवासी भराभर बसतात. शेवटचे दहा मात्र मोकळी जागा शोधत, पिशव्या बाजूला करायला सांगत, रेंगाळतात. चार्ज होणाऱ्या बॅटरीचे तसेच आहे. सुरुवातीला पृष्ठभागावर भरपूर सल्फेट असते. जेवढी धारा द्याल तेवढी ती घेते. सुमारे ८० टक्के भरल्यावर उरलेले सल्फेट छिद्रांत खोलवर असते. तेथवर आयनांची ये-जा सावकाशच होते. तरीही धारा जोराने रेटली तर घटाचे विभवांतर २.४ व्होल्टच्या वर चढते, आणि ज्यादा ऊर्जा सल्फेटवर खर्च न होता पाण्याचे विघटन करू लागते. म्हणून चांगला चार्जर सहा घटांच्या बॅटरीचे विभवांतर १४.४ व्होल्टच्या आसपास रोखून धरतो. मग धारा आपोआप कमी होत जाते: ३० अँपिअर, २०, १०, ५.

परिणाम असा की आमच्या बॅटरीला निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंत यायला दोन तास लागत, आणि ८० पासून १०० पर्यंत यायला आणखी चार ते सहा तास लागले असते. शाळेच्या आवारात आठ तास जनरेटर कोण चालवणार? आम्ही दोन तासांनी बंद करत होतो. पुण्यास आल्यावर गाडी शनिवार-रविवार उभी असे. तेथे वीज होती, चार्जरही होता. पण ‘कालच तर चार्ज केली’ म्हणून कोणी लावत नसे. नोंदवही सांगत होती की जूनपासून फेब्रुवारीपर्यंत ती बॅटरी एकदाही पूर्ण भरली नव्हती. ती ५० आणि ८० टक्क्यांच्या दरम्यान झोके घेत होती.

उरलेले २० टक्के सल्फेट तेथेच बसून राहिले तर काय बिघडते? ते तसेच राहत नाही. लहान स्फटिक हळूहळू विरघळून मोठ्यांवर जमा होतात. पिठीसाखर पाण्यात चटकन विरघळते आणि खडीसाखर चघळत बसावी लागते, तोच फरक येथे पडतो. द्रव्य तेच, पण पृष्ठभाग कमी. महिन्यामहिन्याने हे मोठे स्फटिक वाढत जातात, छिद्रे बुजवतात, आणि एके दिवशी चार्जरला दाद देईनासे होतात. बॅटरीवाले याला ‘सल्फेशन झाले’ म्हणतात. शिवाय अर्धवट भरलेल्या बॅटरीत दाट आम्ल तळाशी साचते आणि पट्ट्यांचा खालचा भाग लवकर खराब होतो. पूर्ण चार्ज होताना शेवटी जे बुडबुडे येतात ते हे आम्ल ढवळून काढतात. आमच्या बॅटऱ्यांच्या वाट्याला ते ढवळणेही आले नाही.

बीडच्या त्या रात्री बॅटरीने चाळीस अँपिअर-तास दिले. विश्रांतीनंतरचे विभवांतर मोजले असते तर आधीच संशय आला असता. आम्ही पाहत होतो तो चार्ज होतानाचा आकडा, आणि तो फसवा असतो. चार्जर व भार दोन्ही काढून तीनचार तासांनी १२.७ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ दिसले तर निम्मी.

जनरेटर कशासाठी?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॉट-तास ऊर्जा असते. लहान जनरेटर चांगल्या भाराखाली तिच्यापैकी जेमतेम दीड किलोवॉट-तास विजेच्या रूपात देतो. भार कमी केला की इंधन त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण इंजिनाला स्वतःचे चाक फिरवत ठेवायलाच बरेच लागते. रात्रभर ५० वॉटचे पंखे जनरेटरवर चालवणे म्हणजे एका माणसाला आणायला अख्खी एस.टी. पाठवणे. बॅटरीचे शेवटचे २० टक्के जनरेटरवर भरणेही तसेच. चार्जर ५ अँपिअर घेतो, म्हणजे ७० वॉट. इंजिन मात्र घरघरत राहते.

तेव्हा जनरेटरचे काम बॅटरीची पहिली मोठी घागर भरण्याचे. शेवटचे भांडे सावकाश भरणारे कोणीतरी दुसरे हवे. ते आम्हांला टपावर सापडले. २०० वॉटचा सौर पॅनेल दिवसभर थोडी थोडी धारा देतो. शेवटच्या टप्प्यात बॅटरीला तेवढीच पेलते. आम्ही वेळेचा क्रमही उलटा केला. पूर्वी जनरेटर दुपारी चाले आणि अर्धवट भरलेली बॅटरी संध्याकाळी कामाला लागे. आता सकाळी शाळा भरण्यापूर्वी दोन तास जनरेटर, आणि नंतर संध्याकाळपर्यंत ऊन. शिवाय आठवड्यातून एकदा पुण्याच्या विजेवर रात्रभर चार्जिंग. पावसाळ्यात त्याला पर्याय नाही. बॅटऱ्यांचा दुसरा संच त्याच जातीचा, तेवढ्याच क्षमतेचा होता. तो साडेचार वर्षे चालला.

आणखी एक फसगत सांगायची राहिली. पुष्कळ लहान जनरेटरांवर १२ व्होल्टची एक खोबण असते. ‘बॅटरी चार्जिंगसाठी’ असे तिच्यावर लिहिलेले असल्याने आम्ही सुरुवातीला तीच वापरली. तिच्यातून ८ अँपिअरच्या आसपास धारा मिळते आणि विभवांतरावर नियंत्रणही नसते. ६० अँपिअर-तास भरायला साडेसात तास! जनरेटरच्या २३० व्होल्टवर वेगळा, चांगला चार्जर लावावा. त्याची धारा बॅटरीच्या क्षमतेच्या सातव्या-आठव्या भागाइतकी असली म्हणजे शिसे-आम्ल बॅटरीला सोसते.

जोडणी आणि दोन वायू

१२०० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १०० अँपिअर ओढतो. १६ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १.१ मिलिओहम. बॅटरी मागे आणि इन्व्हर्टर पुढे असा ठेवून जाऊन-येऊन १० मीटर तार वापरली तर १.१ व्होल्ट तारेतच जातात, म्हणजे नऊ टक्के. बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर ‘पिप पिप’ करू लागतो. त्याउलट २३० व्होल्टवर तेवढ्याच वॉटला सव्वापाच अँपिअरच लागतात. तेव्हा इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवावा आणि लांबचा प्रवास २३० व्होल्टला करू द्यावा. वीज मंडळ हेच करते, फक्त मोठ्या प्रमाणावर.

दोन बॅटऱ्या समांतर जोडताना धन तार पहिल्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसऱ्या बॅटरीवरून घ्यावी. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर दुसरीच्या वाटेत जोडतारांचा जादा रोध येतो. तो मिलिओहममध्येच असतो, पण बॅटरीचा अंतर्गत रोधही तेवढाच असतो! मग पहिली जास्त राबते आणि लवकर म्हातारी होते. जुनी आणि नवी बॅटरी तर एकत्र बांधूच नये.

धन अग्राजवळच फ्यूज हवा. अशा बॅटरीची दोन टोके पान्याने जोडली गेली तर हजाराहून अधिक अँपिअर धारा वाहू शकते. पाना लाल होतो. काम करण्यापूर्वी हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढावे. ऋण अग्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असेल तर सोडताना आधी ऋण तार सोडावी. पाना चुकून सांगाड्याला लागला तरी काही होत नाही. आधी धन सोडू गेलात आणि पाना सांगाड्याला लागला, तर पूर्ण मंडल झालेच.

आता वायू. शेवटच्या टप्प्यात पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगी पुरते. किती निघतो? फॅरडेच्या नियमाने एक अँपिअर-तासाला दर घटामागे ०.४२ लिटर. सहा घट आणि बुडबुड्यांवर खर्च होणारी धारा ५ अँपिअर धरली तर तासाला साडेबारा लिटर. आपल्याकडच्या उष्णतेत १४ लिटर. बॅटरीची पेटी १०० लिटरची आणि बंद असेल तर ४ टक्क्यांची मर्यादा वीस मिनिटांच्या आत गाठली जाते. पेटीला वर जाळी हवी आणि तिचे तोंड गाडीबाहेर हवे. हायड्रोजन हलका असल्याने तो स्वतःच निघून जातो.

दुसरा वायू याहून घातक आहे, कारण तो आवाज न करता मारतो. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. गाडीत माणसे झोपलेली असताना जनरेटर चालू ठेवू नये. आमच्या गाडीत याला अपवाद नाही, मग कितीही उकडत असो. जनरेटरचा कप्पा आतल्या बाजूने हवाबंद असावा, धुराची नळी खिडक्यांपासून लांब सोडावी आणि गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा सूचक बसवावा.

उष्णतेचेही सांगायला हवे. तापमान १० अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात इंजिनाशेजारची जागा तिला देऊ नये. पाणी दर पंधरवड्याला पाहावे, आणि घालायचे ते ऊर्ध्वपातित. आम्ल कधीही नाही, कारण उडून जाते ते पाणीच.

लिथियम घ्यावी का?

हा प्रश्न आता प्रत्येक शाळेत विचारला जातो. दुसरा संच थकल्यावर आम्ही लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी घेतली. या द्रव्याचा उपयोग १९९७ साली टेक्सास विद्यापीठातील पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांच्या शोधनिबंधातून पुढे आला. गुडइनफ यांना २०१९ साली लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या बॅटरीत पट्टीवरचे द्रव्य विरघळून पुन्हा स्फटिक होत नाही. लोह-फॉस्फेटची चौकट तशीच राहते आणि लिथियमचे आयन तिच्यात शिरतात, निघतात. खडीसाखरेचा प्रश्नच उरत नाही. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे बिघडत नाही, आणि जवळजवळ ९५ टक्क्यांपर्यंत ती पूर्ण धारा घेत राहते. म्हणजे जनरेटरच्या दृष्टीने शेवटचे रेंगाळणारे प्रवासी जवळपास नाहीतच. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ४० अँपिअरचा चार्जर लावून पूर्ण मुक्कामाचे ९६ अँपिअर-तास अडीच तासांत परत येतात. वजन वीस किलोच्या आसपास. जुन्या दोन बॅटऱ्या मिळून साठ किलोंच्या होत्या.

तरीही सरसकट ‘लिथियमच घ्या’ असे आम्ही म्हणणार नाही. किंमत जास्त आहे. चार्जर तिच्याच जातीचा लागतो. धावत्या इंजिनाच्या अल्टरनेटरवर थेट जोडली तर ती इतकी धारा ओढते की मंद फिरणारा अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये धारा मर्यादित करणारे यंत्र बसवावे लागते. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. महाराष्ट्रात ही अडचण नाही, लडाखला जाणाऱ्यांना आहे. आणि तिचे विभवांतर भरलेल्या अवस्थेपासून जवळपास रिकामी होईपर्यंत इतके स्थिर असते की व्होल्टमीटरवरून काहीच कळत नाही. आतबाहेर गेलेली धारा मोजणारा मापक लावावा लागतो. ज्या शाळेत वीज बहुतेक वेळ असते आणि इन्व्हर्टर अधूनमधूनच लागतो, तेथे बॅटरी रोज आपोआप पूर्ण भरते. तेथे ट्यूब्युलर शिसे-आम्ल बॅटरीच योग्य. पैसे उरतील ते प्रयोगशाळेला लागतील.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सर्व ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तासांच्या लहान बंद बॅटरीवर दाखवता येते. आपत्कालीन दिव्यांत ती असते. ६ व्होल्ट, ३ वॉटच्या दिव्यावर ती पाच तास चालवा. साधारण अर्ध्या अँपिअरने अडीच अँपिअर-तास निघतात. मग नियंत्रित विद्युतपुरवठ्यावर विभवांतर ७.२ व्होल्ट आणि धारेची मर्यादा १ अँपिअर ठेवून, मालिकेत अँमीटर लावून चार्ज करा. बॅटरीच्या अंगावर छापलेल्या मर्यादा आधी वाचाव्यात. दर पंधरा मिनिटांनी धारा लिहायची आणि आलेख काढायचा. सुरुवातीला आडवी रेघ, मग उतरत जाणारी लांब शेपटी. पहिल्या दोन तासांत किती भरले आणि उरलेल्यासाठी किती वेळ गेला, हे मुलांनी आलेखाखालचे चौकोन मोजून काढावे.

आम्ही आठवीच्या एका वर्गात हा प्रयोग केला तेव्हा चौकोन मोजणाऱ्या मुलींनी तक्रार केली की बेरीज चुकते आहे: बॅटरीतून काढले त्यापेक्षा परत भरलेले जास्त येते. पुन्हा मोजले, तरी जास्तच. बेरीज चुकलेली नव्हती. शिसे-आम्ल बॅटरीतून जेवढे काढाल त्याहून दहाएक टक्के अधिक भरावे लागते, आणि ते शेवटच्या टप्प्यातल्या बुडबुड्यांत जाते.